अप्पांच्या तीन गोळ्या

४ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या वहिनीच्या हातचा आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस. एवढी लबाडी चालवून घे. अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या माणसाकडे सरळ रस्ता कुठला असणार?

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. दार लोटून, फोन स्पीकरवर ठेवून दोघी जावा हळू आवाजात बोलत होत्या, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. तराजू दुरुस्त करताना काट्याची धार खाचेत नीट बसली की नाही हे मी पारड्याकडे न बघता सांगतो, तिथे एक लाकडी दार काय करणार? धाकटी म्हणत होती, "ह्यांचंही हृदय थकलंय म्हणाले डॉक्टर. पाय सुजतात. एक जिना चढले की कठडा धरून उभे राहतात."

ह्यांचं*ही*. म्हणजे माझं तुझ्या वहिनीने आधीच सांगून टाकलं होतं. घरात गुपित म्हणून काही उरलेलं नाही.

तर ऐक. माझं तीन महिन्यांपूर्वी निघालं. हृदय बंद पडलेलं नाही, नुसतं ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, म्हणून अंगातलं पाणी अंगातच साचतं. आधी पायात, मग पोटात, मग छातीत. डॉक्टरांनी हे मला चित्र काढून दाखवलं. मी म्हटलं, साहेब, चित्र नको, मला कळलं. आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, हेच होतं.

घाबरू नकोस. हा आजार पाळला तर पाळीव राहतो. चार गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मीठ मोजून खायचं, पाणी मोजून प्यायचं आणि रोज सकाळी वजन करायचं. वजन करायचं, हे मला सांगतात! आयुष्यभर गावाचे काटे खरे करत आलो, आता सकाळी अनवाणी स्वतःच काट्यावर उभा राहतो. एकाहत्तर किलो. तोळाभर इकडे नाही की तिकडे नाही. दवाखान्यात माझ्याइतका शहाणा पेशंट दुसरा नसेल.

एक गंमत सांगतो. गोळ्यांमुळे म्हण की वयामुळे, दुपारी दुकानातल्या खुर्चीत माझा डोळा लागतो आणि दुकान पाण्याखाली जातं. भीती अजिबात वाटत नाही. छताला टांगलेले सगळे काटे हिरव्या उजेडात हळूहळू डोलत असतात, पारड्यांमधून बुडबुडे निघतात, आणि मोठ्या पारड्यात अप्पा पाय सोडून बसलेले असतात. गोदामात मापाडी असताना म्हणायचे तशी हाळी देतात, "एक! एकावर एक! दोन!" समोरच्या पारड्यात काय आहे ते मला कधी दिसत नाही. जाग येते तेव्हा बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक खाकरत उभं असतं.

अप्पांच्या खाटेशी मी तुला जे बोललो, त्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त तब्येतीचं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण तुझं वजन धाकटीकडून कळव.

दादा


१९ जानेवारी

धाकट्या,

वजन आलं. चौसष्ट. म्हणजे तू वाळलास. की पाणी धरून चौसष्ट? पाणी धरून असेल तर आतला माणूस फारच थोडा उरला आहे, सांभाळ.

दवाखान्यात दर गुरुवारी एक वर्ग भरतो. लांबट खोली, पांढऱ्या भिंती, काचेतून येणारं दुधासारखं ऊन आणि आम्ही दहा-बारा थकलेली हृदयं बाकांवर. शिकवायला एक सिस्टर आहे. वय तिशीचं, आवाज मऊ, पण सुईसारखा बरोबर शिरतो. तिची एक पद्धत मला आवडली. ती कधीच "समजलं का?" असं विचारत नाही. म्हणते, "समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. मीही म्हणायचे शाळेत. आता तुम्ही मला शिकवा. मी पेशंट, तुम्ही सिस्टर."

मग बेकरीवाली बाई उठते. अंगाने ऐसपैस, नाकात बोलते. तिला 'मीठ' सांगायचं होतं. म्हणाली, "मीठ नाही खायचं."

सिस्टर म्हणाली, "बरं, नाही खात. पाव खाऊ का?"

"खा की. पावात कुठं मीठ असतं?"

"मावशी, तुमच्याच बेकरीत एका घाण्याला मीठ किती घालता?"

बाईने तोंडावर हात ठेवला. सगळा वर्ग इतका हसला की दोघांना खोकल्याची उबळ आली. ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मी रोज गावाला मीठ चारते!"

टॅक्सीवाला शेजारी बसतो. बडबड्या, उघड्या मनाचा, मला मोजणीमास्तर म्हणतो. "मोजणीमास्तर, तुम्ही किती उशा घेता?" सिस्टरने शिकवलेला प्रश्न आहे तो. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून माणूस नकळत उशा वाढवत जातो, आणि उशा वाढल्या म्हणजे पाणी वाढलं. मी म्हटलं दोन. खरं म्हणजे तीन झाल्या होत्या, पण तिसरी पातळ आहे.

परवा सिस्टरने मला विचारलं, "काका, घरात आणखी कोणाला होतं?"

"वडिलांना."

"गोळ्या घ्यायचे?"

"एकही चुकली नाही," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तिने वहीतून मान वर केली.

तुला तो दिवस आठवत असेल. न आठवून कसं चालेल? डॉक्टर खाटेशी उभे होते, अप्पांचा श्वास नुकताच थांबला होता, आणि तुझ्या हातात ती बशी होती. मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी. अप्पांनी मागितल्या म्हणून तू आदल्या संध्याकाळीही दिल्या होत्यास. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" मी म्हणालो, "एकही चुकली नाही. ह्याने मीठ चारलं. ह्याने मारलं त्यांना." सगळ्या नातेवाइकांसमोर. आठवड्याच्या आत तू हत्यारांची पेटी उचलून दुसऱ्या गावी गेलास, आणि काटे सोडून शिलाई मशिनी दुरुस्त करायला लागलास.

आज तब्येतीचंच लिहायचं होतं. हात भरकटला. गोळ्या वेळेवर घेत जा.

दादा


७ फेब्रुवारी, वॉर्डातून

धाकट्या,

अक्षर वाकडं दिसेल, कारण उशीवर पाटी ठेवून लिहितो आहे आणि एका हाताला नळी आहे. घाबरू नकोस म्हणालो होतो ना? ते मागे घेतो. थोडा घाबर.

शहाण्या पेशंटची गोष्ट सांगतो. तू हसणार आहेस, हस.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी काटा बहात्तर दाखवायला लागला. माझं वजन एकाहत्तर, हे मला पक्कं माहीत. मग काटा सरकला! स्प्रिंगचे काटे सरकतातच, चाळीस वर्षं तेच बघत आलो. खरं म्हणजे दुकानातली प्रमाण वजनं आणून तपासायला हवं होतं. पण वीस किलोचा ठोकळा आता मला उचलवत नाही, आणि तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती प्रश्न विचारते. म्हटलं, एकाहत्तर किलोचं प्रमाण वजन घरातच चालतं-बोलतं असताना दुकानातून लोखंड कशाला आणायचं? काट्यावर उभा राहिलो, तुझ्या वहिनीकडून खालचं चाक फिरवून घेतलं आणि काटा एकाहत्तरवर आणला.

तीन दिवसांनी पुन्हा बहात्तर. पुन्हा चाक. मग आणखी दोनदा. वहिनी म्हणाली, "अहो, रिकामा काटा शून्याच्या खाली उभा राहतोय." मी म्हणालो, "स्प्रिंग थकली आहे. तुला नाही कळायचं." ती म्हणाली, "स्प्रिंगच थकली असेल. तुमचा चेहरा आपला उगाच फुगलाय." बायकोचे टोमणे ऐकायला कान तीक्ष्ण असून भागत नाही, ते कळावेही लागतात.

वहीत मात्र रोज सुंदर अक्षरात: एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. उशा चार झाल्या. मग खुर्ची. खुर्चीत बसून झोपायचो आणि त्या पाण्याखालच्या दुकानात जायचो. आता तिथे पाणी चढत होतं. काटे छताला टेकले, अप्पांची हाळी बुडबुडे होऊन यायला लागली. एका सकाळी जागा झालो तरी पाणी गेलं नाही. तोंड उघडलं तर हवा आत येईना. वहिनीने टॅक्सीवाल्याला फोन केला, त्याने सिग्नल तोडून मला इथे आणला.

इथल्या काट्यावर मी पंच्याहत्तर भरलो. चार किलो पाणी, चार तांबे म्हण, अंगात घेऊन हिंडत होतो.

सिस्टर भेटायला आली. वही उघडून बघितली आणि म्हणाली, "काका, रिकामा काटा कुठे उभा होता?"

"शून्याच्या खाली."

"चार घरं?"

"चार घरं."

"म्हणजे काटा सांगत होता. तुम्ही त्यालाच गप्प केलंत." मग हळूच म्हणाली, "वजन वाढलं तर फोन करा, असं मी शिकवलं होतं. ते तुम्हाला इतकं छान पाठ होतं, की बाकी सगळ्यांना तुम्ही शिकवलंत."

पडदा ओढून ती गेली. पडद्यापलीकडून ऐकू आलं, दुसऱ्या सिस्टरला सांगत होती, "ह्यांना कळत नाही असं नाही गं. ह्यांना आपण चुकलो हे कळणं परवडत नाही."

गेले तीन दिवस नळीतून औषध जातंय आणि पाणी उतरतंय. उतरताना फार हलकं वाटतं. वॉर्ड एखाद्या होडीसारखा वाटतो, पांढऱ्या चादरींची शिडं, आणि सगळे म्हातारे कुठल्याशा किनाऱ्याकडे निघालेले. मला पडद्यापलीकडच्या त्या वाक्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

तुझा काटा कोणी तपासलेला आहे का? धाकटीला तपासू दे. तू हात लावू नकोस.

दादा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

घरी आलो. धाकटीचा फोन मी स्वतः घेतला. बिचारी आधी भांबावली, मग रडली, मग बोलली.

ती म्हणाली, "भाऊजी, ते पथ्य तर असं पाळतात की काय सांगू. अप्पा गेल्यापासून अळणी जेवतात. आजार आता निघाला, पण मीठ अकरा वर्षांपूर्वीच सोडलंय. साध्या भातातही नाही. पण गोळ्या घेत नाहीत. पाण्याची गोळी तर बेसिनमध्ये टाकतात. मी ओरडले तर म्हणाले, 'अप्पांनी एकही चुकवली नव्हती. दादाने स्वतःच्या हाताने दिल्या. काय उपयोग झाला? सगळं मिठातच आहे. मीठ नाही तर पाणी नाही.'"

मी विचारलं, "सूज कुठवर आहे?"

"गुडघ्यापर्यंत. बोट दाबलं की खड्डा राहतो."

धाकट्या, गोळी घे. मोठा भाऊ सांगतो म्हणून घे. अळणी जेवून पाणी उतरत नाही रे, साचलेलं पाणी बाहेर काढायला गोळी लागते. अप्पांची गोष्ट वेगळी होती. वय वेगळं होतं, काळ वेगळा होता, तेव्हाच्या गोळ्या वेगळ्या होत्या. त्यांच्याकडे बघून तू तुझं ठरवू नकोस.

आणखी काय लिहू? घे एवढंच.

दादा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र खोटं होतं. गोळ्या वेगळ्या नव्हत्या. तीच गोळी, तेवढीच, बारीक पांढरी, मधे रेघ असलेली. हे पत्र बसून वाच, आणि धाकटीला जवळ बसव.

काल गुरुवार होता. सिस्टर म्हणाली, "आज मोजणीमास्तरांनी पाण्याची गोळी शिकवायची." आता वर्गातही मला तेच नाव पडलं आहे. मी उठलो. म्हणालो, ही गोळी साचलेलं पाणी लघवीवाटे काढते, म्हणून घेतल्यावर तीन-चार तास सारखं जावं लागतं, म्हणून सकाळी घ्यायची. छान सांगितलं. मान डोलवून खाली बसणार, तेवढ्यात टॅक्सीवाला म्हणाला, "मास्तर, माझी अडचण सांगू? सकाळचं भाडं असलं की मी ती गाळतो. भर रस्त्यात गाडी थांबवून कुठं पळू? दोन-तीन दिवस नाही घेतली तर काय मोठं बिघडतंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुधासारखं ऊन माझ्या हातावर पडलं होतं. मला वाटलं खोलीत पाणी भरायला लागलं आहे.

सिस्टरच बोलली. त्याला म्हणाली, "बिघडतं. दोन-तीन दिवसांत छातीपर्यंत येतं. पण दादा, भाडं सकाळी असेल तर डॉक्टरांना विचारून घरी परतल्यावर घ्या ना. वेळ बदलता येते. गोळी गाळता येत नाही."

"असं चालतं?" टॅक्सीवाला उडालाच. "आयला, मग आधी सांगायचं! मी आपला वर्षभर लपवतोय."

"तुम्ही आधी विचारायचं," ती म्हणाली.

वेळ बदलता येते. धाकट्या, हे मला अकरा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही.

तो आठवडा आठव. काट्यांवर सरकारी शिक्के मारायची मुदत संपत होती. गावातल्या प्रत्येक दुकानाचा काटा आपल्या ओट्यावर येऊन पडला होता. तू पेटी घेऊन बाजारात मोठे काटे जाग्यावर दुरुस्त करत फिरत होतास. तुझी वहिनी तिच्या आईच्या आजारपणाला गेली होती. अप्पांची खाट दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि मी एकटा. सकाळी गोळी दिली की दर वीस मिनिटांनी हाक यायची, "अरे, ने मला." हातातला काटा ठेवायचा, पारडी बांधायची, हात पुसायचे, त्यांना उचलून न्यायचं, आणायचं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली. मंगळवारी मी गोळी दिली नाही. म्हटलं, एक दिवस. दुकान कसं सुरळीत चाललं, काय सांगू! अप्पाही शांत पडून होते. मला वाटलं, त्यांनाही आराम पडला. बुधवारी दिली नाही. गुरुवारी दिली नाही. गोळ्या खिशात ठेवायचो, तिन्ही खिशातच राहिल्या. शुक्रवारी सकाळी ते गेले.

गुरुवारी संध्याकाळी तू दमून आलास, त्यांच्या पायथ्याशी बसलास, त्यांनी काहीतरी खारट मागितलं. तू म्हणालास, "दादा, दोन फोडी देऊ का?" मी काट्यात डोकं घालून म्हणालो, "दे की." हेही तू विसरला असशील. किंवा विसरला नसशील आणि तरी कोणाला सांगितलं नसशील. तुझा स्वभाव असाच आहे.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खिशातल्या गोळ्यांवर माझा हात होता. तेवढ्यात समोर तुझी बशी दिसली.

वर्ग सुटल्यावर हे सगळं मी सिस्टरला सांगितलं. कोणालातरी सांगून बघायचं होतं, जीभ वळते का. ती म्हणाली, "काका, अकरा वर्षांपूर्वी कशाने काय झालं ते आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. हृदय थकलेलंच होतं त्यांचं. पण काकडीच्या दोन फोडींनी माणूस जात नाही. आणि तीन दिवस गोळी थांबली तर पाणी चढतं, हे मी रोज बघते."

मी म्हटलं, "माझा भाऊ त्या काकडीपायी अळणी जेवतो आणि गोळ्या फेकतो."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग त्यांना शिकवायला मी कशी पुरी पडणार? त्यांचा धडा तुमच्याकडेच आहे."

तेव्हा ऐक. अप्पांनी गोळ्या चुकवल्या. म्हणजे मी चुकवल्या. गोळी उपयोगाची नाही असं तू ज्या पुराव्यावर मानतोस, तो पुरावा मी बनवलेला आहे. तू त्यांना मारलं नाहीस. त्यांच्या आयुष्यातली शेवटची चव तू दिलीस, ती त्यांना आवडली होती, त्यांनी बोटं चाटली होती. मी काट्याआडून बघितलं होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू विचार करत बसशील, द्यावी की न द्यावी, आणि तेवढ्यात पाणी चढेल. गोळी आधी घे. माझ्यावर नंतर सावकाश थुंक.

दादा


६ मार्च

धाकट्या,

तू फोन ठेवल्यापासून मी खुर्चीतून उठलेलो नाही. फोनवर मी जेमतेम दोन वाक्यं बोललो, म्हणून लिहितो. ऐकलं मात्र सगळं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तू म्हणालास, "दादा, तू माणूस..." आणि थांबलास. श्वास घेतलास. "माणूस आहेस का..." पुन्हा थांबलास. "अकरा वर्षं मी..." तीन शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. तुला वाटलं असेल, दादा निर्लज्जासारखा गप्प आहे. मी मोजत होतो रे. याच आठवड्यात सिस्टरने शिकवलं, फोनवरचा माणूस किती पाण्यात आहे ते त्याच्या वाक्यांवरून कळतं. एका दमात किती शब्द, तेवढं ऐकायचं. तुझे तीन होते. तू जे बोलत होतास ते सगळं मला लागत होतं, पण त्याहून जास्त मला ती मधली जागा लागत होती.

मागे धाकटी हुंदके देत होती. मला वाटलं, ठेवतोस आता. आणि तू अगदी धंदेवाईक आवाजात, एखाद्या गिऱ्हाइकाला सुट्ट्या भागाची किंमत विचारावी तसं विचारलंस, "मला सकाळी मशिनींना... घरोघर जावं लागतं... ती संध्याकाळी चालते?"

मी एवढंच म्हणू शकलो, "डॉक्टरांना विचार. वेळ बदलता येते."

तू फोन आपटलास. आपटलेला ऐकून इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दादा


२१ मार्च

धाकट्या,

धाकटीने कळवलं, अठ्ठावन्न. म्हणजे सहा किलो उतरलं. काटा तिने शेजारच्या दुकानातल्या वजनांशी ताडून बघितला म्हणे, चोख आहे. डॉक्टरांनी गोळी दुपारी चारला करून दिली आणि ती स्वतः समोर उभी राहते, हेही कळलं. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या दवाखान्यातल्या वर्गाला तुझं नाव घातलं आहे, तेही कळलं. तिथे 'समजलं का' विचारणारी कोणी असेल, तर तूच उठून शिकवायला लाग.

आणि तुझा कालचा फोन. मी उचलला, हॅलो म्हणायच्या आत तू सुरू झालास: "दादा, तू नालायक, ढोंगी, आपमतलबी, खोटारडा, स्वतःला वजनकाट्यांचा राजा समजणारा, सख्ख्या भावाला अकरा वर्षं फासावर लटकवणारा हलकट माणूस आहेस!"

एकोणीस शब्द, धाकट्या. मधे एकही श्वास नाही.

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, "काय झालं? कोण आहे? असे का रडताय?" मी फोन तिच्या कानाला लावला. तोवर तू दुसरं वाक्य सुरू केलं होतंस, तेही लांबलचक होतं. ती ऐकत राहिली आणि हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर दुपार कलत होती, खिडकीतलं ऊन जमिनीवर आलं होतं, आणि आम्ही दोघं म्हातारी त्या उन्हात बसून तुझ्या शिव्या ऐकत होतो. खोली कोरडी होती. कितीतरी वर्षांनी अगदी कोरडी.

रविवारी पुन्हा कर. अकरा वर्षांच्या आहेत, एका फोनमध्ये कशा संपतील?

दादा